कोडीचा एक दिवस आणि मुरगावचा धक्का

उन्हाळ्यात अमेरिकेतील लेकीसुनांकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांची संख्या थोडीथोडकी नाही. चूल, बिछाना, न्हाणीघर असा अवघा संसार पोटात घेऊन धावणारी, तिकडे जिला 'आर. व्ही.' म्हणतात ती मोटार भाड्याने घेऊन यलोस्टोन उद्यानाकडे निघालेल्या अशा कुटुंबाचा एखाद्या दिवसाचा मुक्काम वायोमिंग राज्यातील कोडी या गावी पडण्याचा संभव आहे. तो दिवस कसा घालवावा, याविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

'बफेलो बिल' या नावाने गाजलेल्या विल्यम कोडीने १८९६ मध्ये सहकाऱ्यांसह हे गाव वसविले. आपल्या मुलीच्या नावाने त्याने १९०२ साली उघडलेले 'इर्मा' हॉटेल आजही चालू आहे. उन्हाळ्यात तेथे सायंकाळी लुटुपुटीच्या पिस्तुलबाजीचे खेळ होतात, रात्री 'रोडिओ' रंगतो. मुले खूश होतात, होवोत बापडी! बफेलो बिलच्याच नावाच्या संग्रहालयात मूळ रहिवाशांच्या जीवनाचे स्वतंत्र दालन आहे, ते मात्र घाईने पाहू नये.

परंतु पॉवेल गावाच्या रस्त्याने सुमारे १४ मैलांवर हार्ट माउंटन आहे, आणि दिवसाचे निदान दोन तास त्यासाठी राखून ठेवावेत असा आमचा आग्रह आहे. १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक माणसांना येथे एकाच वेळी काटेरी तारांमागे डांबलेले होते. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच जन्मसिद्ध नागरिक होते. त्यांच्यावर ना आरोप होता, ना खटला. आधी आमचे नागरिकत्वाचे हक्क परत द्या, मग सैन्यात बोलवा, असे सांगून येथील कित्येक तरुणांनी सक्तीची भरती नाकारली. त्यांपैकी ६३ जणांना १९४४ मध्ये एकाच खटल्यात तुरुंगवास झाला. याला आमच्या भाषेत सत्याग्रह म्हणतात. पुढे १९८८ साली अमेरिकेने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २० हजार डॉलर देऊ केले. आपल्या राज्याचा अपराध सांगणारे स्मारक तेथे २०११ पासून उभे आहे.

गोमंतकीयांनी तेथे जाण्यास आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये 'ग्रिप्सहोम' ही बोट तेराशेहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घेऊन मुरगाव बंदरात आली. त्यांत अमेरिकेतील छावण्यांमधून आणलेली कुटुंबे होती, अमेरिकेत जन्मलेली मुलेही होती. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून अदलाबदलीसाठी आमचे बंदर सोयीचे ठरले. जपानहून आलेल्या 'तेइया मारू'वर अमेरिकन बंदी होते. या बोटीवरचे त्या बोटीवर गेले, त्या बोटीवरचे या बोटीवर आले. स्वतः गोमंतकीयांना तेव्हा मोकळेपणे बोलण्याचीही मुभा नव्हती. लोहियांची मडगावची सभा अद्याप पावणेतीन वर्षे दूर होती. कोडीहून परतल्यावर नातवंडांना एकदा मुरगावच्या बंदरावर न्यावे आणि ही हकीकत तेथे उभे राहून सांगावी.