नाव झाकून घेतलेली परीक्षा

गुरुवारी अक्कलकोटात माझा दवाखाना रात्री उशिरापर्यंत चालतो. स्वामींच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची मंडळी लेकरांचा ताप-खोकलाही दाखवून जातात. मागच्या महिन्यात अशाच एका गुरुवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, जयंत नारळीकरांवरचा एक माहितीपट पाहिला. शाळेत असताना ‘यक्षांची देणगी’ दोनदा वाचलं होतं. २० मे २०२५ला ते गेले, तेव्हा ते पुस्तक पुन्हा काढायचं ठरवलं आणि राहूनच गेलं. म्हटलं, निदान हे तरी बघू.

बनारस, केंब्रिज, फ्रेड हॉइल, पुण्यातली ‘आयुका’ हे सगळं आपल्याला ठाऊक असतंच. मी अडकलो ते त्यांच्या बोलण्यात. आवाज चढत नाही, घाई नाही, समोरच्याला हरवायची हौस तर अजिबातच नाही. हे पाहताना मला माझाच आवाज आठवला आणि जरा ओशाळायला झालं. का, ते पुढे सांगतो.

त्यांच्या विज्ञानकथालेखनाची सुरुवात कशी झाली, हा किस्सा अनेकांना माहीत असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपण हा किस्सा गंमत म्हणून सांगतो. मला डॉक्टर म्हणून त्यात वेगळंच दिसलं. नवं औषध तपासताना खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला, हे पेशंटला कळू देत नाहीत, बऱ्याचदा डॉक्टरलाही नाही. कारण नाव कळलं की मत बदलतं. तेव्हा पद्मभूषण असलेल्या माणसाने आपल्या कथेची परीक्षा अशी नाव झाकून करवून घेतली होती.

हीच रीत त्यांनी पुढे पत्रिकांना लावली. २००१मध्ये विद्यापीठांत फलज्योतिष शिकवायची टूम निघाली, तेव्हा त्यांनी विरोध केला. पण विरोधावर ते थांबले नाहीत. पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या साथीने त्यांनी एक चाचणी केली. ती २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक वाढ मागे राहिलेल्या मुलांच्या. कोणती कुणाची, हे झाकलेलं. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि त्याने फक्त एवढंच सांगायचं, हे मूल हुशार की मतिमंद. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी निम्म्याहून कमी बरोबर. सगळ्यांत वरचढ ठरलेल्याची चाळीसपैकी चोवीस. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची एकशे दोन बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती.

सत्तावीस हा आकडा लहान आहे, आणखी मोठी चाचणी व्हायला हवी होती, हे मान्य. पण त्या शंभर मुलांवरून माझी नजर हटेना. कारण तशी मुलं माझ्याकडे येतात.

आठ-नऊ वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातून एक तरुण आई बाळाला घेऊन आली. बाळ जन्मताच रडलं नव्हतं. मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, मान धरायला उशीर, नजर स्थिर नाही. मी ताबडतोब फिजिओथेरपी सुरू करायला सांगितलं. सोबतची आज्जी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत म्हणाली, मूळ नक्षत्रावरचं आहे, आधी शांत करायची, मग बघू. मी भडकलो. सगळ्या पेशंटांसमोर त्यांना अडाणी म्हणालो. मला वाटलं, मी विज्ञानाची बाजू घेतली. ते कुटुंब दीड वर्ष फिरकलं नाही. ज्या महिन्यांत मेंदू सर्वांत जास्त शिकतो, नेमके तेच गेले. त्या आज्जीइतकाच त्यात माझाही वाटा आहे. स्वामींवर श्रद्धा असणं वेगळं आणि पत्रिकेवरून बाळाचा आजार ठरवणं वेगळं, एवढं सांगायलासुद्धा मी त्यांना थांबवून घेतलं नव्हतं.

पोरगा आता तिसरीच्या वयाचा आहे. धरून चालतो, थोडे शब्द बोलतो. आई दर दोन महिन्यांनी आणते. मला नंतर कळलं, इतकी वर्षं घरात एकच वाक्य तिच्या कानावर पडतंय: ‘तुझ्या पोटी असल्या वेळेला आलं.’ त्या वेळेचा दोष तिचा. बाळंतपणात काय घडलं, हे कुणी विचारत नाही.

माहितीपट पाहिल्यावर पुढच्या वेळी ती आली, तेव्हा मी तिला दोनशे पत्रिकांची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही, फक्त काय केलं आणि काय निघालं ते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे डॉक्टर, माझ्या पोराची पत्रिका त्या गठ्ठ्यात घातली असती, तर कुणाला ओळखू आली नसती?”

“नसती.”

“हे मराठीत लिहून द्याल का? आत्याबाईंना दाखवायचंय. त्यांना वाचता येत नाही, पण माझे दीर वाचून दाखवतील.”

औषधाच्या चिठ्ठीच्या मागे जागा पुरली नाही, म्हणून दुसरा कागद घेतला.