काफ्काच्या नावाने प्राग

युरोपच्या पहिल्या प्रवासाची आखणी करणाऱ्या साहित्यप्रेमी मराठी माणसाची एक ठरलेली भूमिका असते: आपण पर्यटक नव्हे. बसमधून उतरून १४१० सालच्या त्या प्रसिद्ध घड्याळासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांतले आपण नाही. आपण ‘काफ्काचे प्राग’ पाहायला चाललो आहोत. माझी तक्रार नेमकी या भूमिकेविषयी आहे. आपली यादी सहल कंपनीच्या यादीहून वेगळी नसते. तिला फक्त पुस्तकाचे कव्हर घातलेले असते.

यादी तपासून पाहू. तीत बहुधा प्रथम येते सुवर्ण गल्लीतले बावीस क्रमांकाचे घर. ते भाड्याने घेतले होते काफ्काची धाकटी बहीण ओट्ला हिने; काफ्का तेथे १९१६-१७ च्या हिवाळ्यात संध्याकाळी लिहायला जाई, इतकेच. मग टेकडीवरचा किल्ला. हाच तो ‘द कॅसल’मधला, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. वस्तुतः ती कादंबरी बर्फात बुडालेल्या एका खेड्याची आहे. ‘द ट्रायल’मध्ये तर शहराला नावच नाही. ज्याने आपल्या शहराचे नाव कादंबरीतून गाळले, त्याच्या कादंबऱ्यांचा नकाशा हातात घेऊन ते शहर धुंडाळणे, याला वाचन म्हणावे काय?

उलट, जेथे त्याचे दिवस खरोखर गेले ती जागा यादीत नसते. १९०८ ते १९२२ या काळात काफ्का कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कारखान्यांतील यंत्रे आणि त्यांत सापडणारी बोटे हा त्याचा रोजचा विषय होता. त्या इमारतीत आज हॉटेल आहे. नोकरी सांभाळून वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ती इमारत अधिक जवळची वाटायला हवी. पण कचेरीत काव्य कुठले!

प्रश्न चुकीच्या यादीपुरता असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. काफ्का हा बहुसंख्य चेक असलेल्या शहरात जर्मन भाषेत लिहिणारा ज्यू लेखक होता, आणि तो ज्या समाजात वाढला तो समाज आता तेथे नाही. जुनी ज्यू वस्ती त्याच्या तरुणपणापर्यंत शहरसुधारणेच्या नावाखाली बव्हंशी पाडली गेली. पुढे माणसे नाझींनी नेली, आणि १९४५ नंतर जर्मन भाषकांनाही देशाबाहेर घालवण्यात आले. साम्यवादी राजवटीला काफ्का बहुतेक काळ नकोसाच होता. दुकानादुकानांतून कपांवर आणि सदऱ्यांवर विकला जाणारा काफ्का १९८९ नंतरचा आहे. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया-मोराविया प्रांतांतील मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. ‘काफ्काचे प्राग’ नावाचे काही उरले असेल तर ते त्या भिंतींवर आहे.

याचे मूळ आपल्या वर्गात आहे. काफ्का आपण इंग्रजीतून वाचतो आणि ‘परात्मता’, ‘अस्तित्ववाद’ अशा दोन-चार शब्दांत शिकवतो. त्याला त्याचा देश, भाषा, धर्म, नोकरी यांपासून आधी आपण तोडतो आणि मग विमानाचे तिकीट काढून त्याची ‘जागा’ शोधायला निघतो. चेक साहित्याचा तर प्रश्नच येत नाही. निर्मल वर्मा १९५९ साली प्रागला गेले, चेक शिकले आणि चापेक, ह्राबाल यांना थेट हिंदीत आणले. ह्राबाल मात्र आपल्या किती अभ्यासक्रमांत आहे?

यावर कोणी म्हणेल, चार दिवसांच्या प्रवासावर एवढे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. चार दिवसांसाठी चेक शिका असे मी म्हणत नाही. क्रम बदला, एवढेच म्हणतो. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे आरक्षण आणि प्रवासाचा आराखडा अगोदर द्यावा लागतो; त्यामुळे शहर समजण्याआधीच ते दिवसांत वाटले जाते. तो कागद भरण्यापूर्वी काफ्काची पत्रे वाचावीत, चेक लेखकाचे एक तरी पुस्तक वाचावे आणि मगच दिवस ठरवावेत. माझ्याही पहिल्या आराखड्यात सुवर्ण गल्ली आणि किल्ला मिळून एक पूर्ण दिवस होता. तो मी खोडला.

त्या जागी आता एक सकाळ स्मशानभूमीची आहे. योसेफोव्हमधल्या प्रसिद्ध जुन्या ज्यू स्मशानभूमीची नव्हे; पुष्कळांना काफ्का तेथे असेल असे वाटते, पण तेथील दफने १७८७ सालीच थांबली. तो आहे शहराच्या पूर्वेकडील नव्या ज्यू स्मशानभूमीत. मेट्रोच्या झेलिव्हस्केहो स्थानकाशी उतरावे. शनिवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी ती बंद असते. आईवडिलांसह तो जेथे पुरला आहे, तेथे दगडाच्या पायाशी आणखी एक फलक आहे. त्यावर एली, वाली आणि ओट्ला या त्याच्या तीन बहिणींची नावे आहेत. त्या तिघी नाझींकडून मारल्या गेल्या. त्यांना स्वतःची थडगी नाहीत. सुवर्ण गल्लीतले ते घर भाड्याने घेणारी ओट्ला तीच. आपल्या यादीत घर होते, ती नव्हती.