येन, डॉलर आणि मोटारींचा 'न्याय'

१/ जपानने येन मुद्दाम स्वस्त ठेवला म्हणून डेट्रॉइट बुडाले, हा १९८० च्या दशकातला लाडका आरोप. तो अर्धसत्य आहे.

२/ डॉलरला ३६० येन हा दर १९४९ साली अमेरिकी ताब्यातील जपानमध्ये ठरला. तेव्हाचे अर्थसल्लागार जोसेफ डॉज स्वतः डेट्रॉइटचे बँकर! दर १९७१ पर्यंत टिकला. जपानी निर्यातीला त्याचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही.

३/ १९८१ मध्ये जपानने वर्षाला १६.८ लाख मोटारींची मर्यादा 'स्वेच्छेने' स्वीकारली. स्वेच्छा कसली, ती सक्तीच! संख्या बांधली गेल्यावर कंपन्यांनी महागड्या गाड्या पाठवल्या; भुर्दंड अमेरिकी ग्राहकाने सोसला.

४/ २२ सप्टेंबर १९८५, प्लाझा हॉटेल, न्यूयॉर्क. पाच राष्ट्रांनी डॉलर उतरवण्याचे ठरवले. सुमारे २४० येनांचा डॉलर १९८७ अखेरीस १२० च्या आसपास आला. तरी त्या वर्षीची जपानशी अमेरिकेची व्यापारतूट १९८५ पेक्षा मोठीच होती.

५/ मोटारींवरील आयातशुल्क जपानने १९७८ मध्येच शून्यावर आणले होते. हलक्या ट्रकवर अमेरिकेने १९६४ मध्ये लावलेले २५ टक्के मात्र दशकानुदशके राहिले. जपानमध्ये वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डावीकडून धावतात. डेट्रॉइट बहुतांशी डावीकडे स्टिअरिंग असलेल्याच गाड्या पाठवत राहिले. नाचता येईना, अंगण वाकडे!

६/ चलनाचा दर हा न्यायाचा प्रश्न आहेच. पण दर ठरवणाऱ्याने, मर्यादा लादणाऱ्याने आणि शुल्क राखणाऱ्यानेच अन्यायाचा टाहो फोडावा, हा न्याय नव्हे. ती केवळ बळाची भाषा.