आधी लूप वाचा

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये कोनराड त्सूझच्या झेड-3 यंत्राची प्रतिकृती आहे. मूळ यंत्र त्याने 1941 साली बर्लिनमध्ये चालवून दाखवलं. पुढे ते बॉम्बहल्ल्यात गेलं. मेमरी अवघ्या 64 आकड्यांची, एका गुणाकाराला सुमारे तीन सेकंद. लूप हवा असेल तर सूचनांची भोकं पाडलेल्या फिल्मची दोन टोकं चिकटवून तिचं कडं करायचं. फुकटची एक पायरीसुद्धा तिथे समोर बसलेल्याला सोसावी लागे.

आता ती कुणालाच सोसावी लागत नाही, म्हणून आम्ही निगरगट्ट झालो आहोत. मी जर्मनीत हाच धंदा करतो, सिम्युलेशनचा. कोड हळू चालतो म्हटलं की पहिली मागणी येते ती ग्राफिक्स कार्डांची. वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावून पाहिलात का, असं विचारलं तर माणसं दुखावतात.

एका संस्थेत उष्णतावहनाचं एक गणित रात्रभर चालायचं. नव्या मशीनसाठी अर्ज तयार होता. मी कोड उघडला. फोरट्रानमधला जुना दुहेरी लूप कुणीतरी जसाच्या तसा सी++मध्ये उतरवला होता. फोरट्रान मेमरीत अ‍ॅरे स्तंभाने मांडतं, सी++ ओळीने. प्रोसेसर एका खेपेला 64 बाइट उचलतो, म्हणजे दुहेरी अचूकतेचे आठ आकडे. हा लूप त्यातला एक वापरायचा, सात टाकून द्यायचा आणि पुढच्या आकड्यासाठी पुन्हा मेमरीच्या दारात उभा राहायचा. वर आतल्या फेरीत तोच घातांक दरवेळी नव्याने काढला जात होता. याला मी अडाणीपणा म्हणतो.

पायथनवाल्यांनीही खूश होऊ नये. साध्या लूपमध्ये प्रत्येक आकड्याचा प्रकार दर फेरीला नव्याने तपासला जातो, म्हणून सगळा अ‍ॅरे नमपाय लायब्ररीच्या हवाली करा हा सल्ला बरोबरच आहे. पण लांबलचक सूत्र एका ओळीत लिहिलंत, तर मधल्या पायऱ्यांसाठी तात्पुरते अ‍ॅरे तयार होतात आणि अ‍ॅरे मोठे असले की सगळा वेळ मेमरीची ने-आण करण्यात जातो. अशा वेळी नंबा या पायथनच्या कंपाइलरमधून काढलेला साधा लूप बाजी मारतो. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

जर्मनीतच यूलिशला 5 सप्टेंबर 2025 रोजी युपिटर महासंगणकाचं उद्घाटन झालं. सुमारे 24,000 ग्रेस-हॉपर चिप. त्याचा पहिला छोटा भाग 2024 साली ऊर्जाबचतीच्या जागतिक यादीत अव्वल ठरला होता. एकेक वॉट वाचवायला तिथल्या अभियंत्यांनी जीव ओतला आणि आपण त्यावर आठातले सात आकडे फेकणारा कोड चढवायचा? माझी मागणी एकच: मशीनच्या प्रत्येक अर्जाला प्रोफायलरचा अहवाल जोडा. नसेल तर अर्ज परत पाठवा.

त्या संस्थेत मी दोन लूपांची अदलाबदल केली, घातांक बाहेर काढला. रात्रभराचं गणित जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. तरीही अर्ज गेला. मंजूर पैसा वर्षअखेरीआधी खर्च करायचा होता.