खिडकीबाहेर बर्फ, पाळण्यात घाम

बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई नोव्हायला आल्या, की पहिल्याच आठवड्यात एक प्रेमळ वाद हमखास होतो. बॅगेतून कुंच्या, दुपटी, लोकरीचे मोजे निघतात. "बाहेर एवढा बर्फ आणि बाळ असं उघडं?" असं आजी म्हणतात. "अहो आई, डॉक्टरांनी घरात टोपीसुद्धा नको म्हणून सांगितलंय," असं सून म्हणते. आणि ज्याच्यावरून हे चाललेलं असतं ते बाळ घामाने ओलं होऊन किरकिरत असतं. या वादामागचं विज्ञान या वेळी पाहू या.

झोपेची वेळ झाली की आपलं शरीर आपणहून थंड होऊ लागतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग घरातल्या थर्मोस्टॅटसारखा रात्रीसाठी आकडा जरा खाली आणतो. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. मोठ्या माणसाचं आतलं तापमान पहाटेपर्यंत साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअसने उतरतं. उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर घाम येतो. माठातून झिरपलेलं पाणी वाळताना आतलं पाणी गार करतं, तसाच वाळणारा घाम अंग गार करतो. पण जाड पांघरुणाखाली घाम वाळणार कसा?

आपल्याला उकडलं तर आपण झोपेतच पांघरूण लाथाडतो. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. त्याची घाम येण्याची यंत्रणाही अजून पुरती तयार नसते. शरीराच्या मानाने डोकं मोठं असल्यामुळे बरीचशी उष्णता तिथूनच जाते, आणि कुंची नेमकी तीच वाट अडवते. झोपेत बाळ अचानक दगावण्याच्या धोक्याशी अति उष्णतेचा संबंध आढळला आहे. म्हणूनच इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०२२ च्या सूचनांमध्ये घरात बाळाला टोपी घालू नये असं सांगितलं. जन्मानंतरचे पहिले काही तास आणि रुग्णालयातला नवजात अतिदक्षता विभाग एवढाच त्याला अपवाद.

मग आपल्या आज्या चुकत होत्या का? मुळीच नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो आणि घरात हीटिंग नसतं. तिथे कुंची हवीच. नोव्हायमध्ये बाहेर पारा शून्याखाली असला, तरी घरात फर्नेस रात्रभर ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस राखतो. बाळाचे कपडे खिडकीकडे बघून ठरवायचे नसतात; ते झोपतं त्या खोलीकडे बघून ठरवायचे.

आपल्या अंगावर जेवढे कपडे आहेत, त्याहून फार तर एक थर जास्त. पांघरुणाऐवजी स्लीप सॅक. क्रिबमध्ये उशी, दुपटं, सुटं काहीही नको आणि बाळ पाठीवर झोपलेलं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, तान्ह्या बाळाचे ते लागतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम किंवा चटका लागला, तर एक थर काढा.

मात्र दूध पिताना बाळाला खूप घाम येत असेल आणि ते दमत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर सकाळची वाट न बघता फोन करा. मोठ्यांनाही रोज रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येत असेल आणि जोडीला ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी हवीच.

आणि आजींनी शिवलेली ती मऊ गोधडी? ती दिवसा जमिनीवर अंथरा. बाळ जागं असताना त्यावर पालथं घाला आणि आजींना शेजारी बसवा. मान उचलायला बाळ त्याच गोधडीवर शिकेल.