गायकाचे ऋण

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी वस्त्यावस्त्यांतून गायनाचे कार्यक्रम होतील. एखादे वृद्ध गायक प्रवासाचा शीण विसरून उभे राहतील. त्यांच्या गळ्यात हार पडेल, टाळ्या होतील. मानधनाचा प्रश्न मात्र 'पुढे पाहू' म्हणून टाळला जाईल. ही रीत बौद्ध समाजास शोभणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लोककवी वामनदादा कर्डक यांचे जीवन पाहावे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेल्या या पुरुषास अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ साली त्यांनी गीतरचना आरंभिली आणि २००४ साली निधन होईपर्यंत, सुमारे साठ वर्षे, गावोगाव फिरून ते गात राहिले. त्यांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह निघाला १९७३ साली. तोवर तीस वर्षे ती गीते मुख्यतः लोकांच्या कंठातच जगली!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि अवघ्या त्रेपन्न दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हा खेड्यांत विहारे नव्हती आणि ग्रंथ वाचू शकणारे थोडे होते. घरातील देव गेले, जुनी भजने गेली; त्या रित्या जागी बुद्ध आणि भीम यांचा विचार नेऊन ठेवला तो गायकांनी. आमच्या कित्येक मायबहिणींचा पहिला धम्मग्रंथ म्हणजे ऐकलेले गीत होय.

कोणी म्हणतील, चळवळीच्या कार्यात पैशाची भाषा कशाला? त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. गावासाठी राबावे आणि शिळ्या भाकरीवर समाधान मानावे, ही बलुत्याची रीत आपण धम्मदीक्षेबरोबर झुगारली ना? मग आपल्याच गायकास आपण पुन्हा त्याच जागी का बसवावे? मानधन ही भिक्षा नव्हे; ते श्रमाचे मोल आहे.

म्हणून आयोजकांनी मानधन आधी ठरवावे आणि कार्यक्रम संपताच हातात द्यावे. वृद्ध गायकांची गीते विहारातील तरुणांनी कवीच्या नावासह लिहून व ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. आणि नवदीक्षित मातापित्यांनी केवळ चालीवर न डोलता, घरी परतल्यावर मुलांस त्या गीताचा अर्थ विचारावा. मुलास तो सांगता आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला गायकाकडेच घेऊन जावे. असा प्रश्न ऐकून गायकास शालीहून अधिक आनंद होईल.

जय भीम!