रस्त्यावरची मुले, घरची माणसे

रस्त्यावरील मुलांचा आंतरराष्ट्रीय दिवस २०११पासून १२ एप्रिलला पाळला जातो. त्यानिमित्त भाषणे होतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: या मुलांना कुणी नाही.

मुंबईतल्या मोठ्या सिग्नलपाशी पाच मिनिटे थांबले तरी हा समज गळून पडतो. दुभाजकावर बसून आई मोगऱ्याचे गजरे ओवत असते. दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन गाड्यांच्या काचा वाजवते आणि दिवा हिरवा झाला की मिळालेल्या नोटा आईच्या हवाली करते. छप्पर नसले तरी संसार आहे, आणि ती त्यातली कमावती आहे. रात्री काय शिजणार हे तिच्या विक्रीवर ठरते. बाप दारूला पैसे मागतो तेही तिच्याकडेच.

फलाटावर एकटी राहणारी पोरेही घराला पुरती पारखी नसतात. मार चुकवायला पळालेला मुलगा आईला फोन करून हॉटेलात नोकरी लागल्याचे सांगतो. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, म्हणून दिवाळीमागून दिवाळी टळते. अशाला नुसते गाडीत बसवून गावी धाडले, तर मार तसाच राहतो आणि तो पुढच्या गाडीने परततो.

२०१५च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्था हा शेवटचा उपाय. व्यवहारात मात्र अनेकदा आधी मुले उचलली जातात आणि आईबाप कागदपत्रांसाठी बालकल्याण समितीच्या पायऱ्या झिजवत राहतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठाने सुरू केलेल्या सिग्नल शाळेने वेगळी वाट दाखवली. मुलांना आईबापांपासून तोडण्याऐवजी शाळाच त्यांच्यापाशी आली.

पण शाळा सुटल्यावर चूल पेटायची कशी? एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, मात्र तिला रेशनकार्ड आणि रहिवासाचा पुरावा लागतो. पुलाखाली राहणाऱ्याने तो आणायचा कुठून? महिला व बालविकास खात्याने मुले उचलण्याच्या मोहिमेची गाडी पाठवण्याआधी दाखले देणारा कर्मचारी पुलाखाली पाठवावा, आईला फेरीवाल्याचा परवाना मिळवून द्यावा आणि आईबाप-मुलांना एकत्र राहता येईल असे निवारे उभारावेत. मुलीची कमाई थांबवायची, तर आधी आईची कमाई उभी राहिली पाहिजे.